खाली बसवलेली गाडी

आमच्या घरमालकांना डोळ्यांनी धड दिसत नाही, हे मला समजलं तेव्हा मी त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसलो होतो आणि गाडी चालू होती.

हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.  त्या काळात मी सोलापुरात वाहन विम्याच्या एका कचेरीत नोकरीला होतो. दिवसभर अपघाताचे दावे वाचायचे, हे माझं काम. कोण कशाला धडकला, कोण कुठे जाऊन पडला, कुणाचं हेल्मेट घरी खुंटीलाच कसं राहिलं, हे रोज वाचणाऱ्या माणसाचं काय होणार? मी मूळचा जेऊरचा. आमच्याकडे माणसं सुटलेल्या रेल्वेगाडीत उडी मारून चढतात. पण ही नोकरी धरल्यापासून मी रिकामा रस्ता ओलांडतानासुद्धा थांबून बघायला लागलो होतो. असा मी, जवळजवळ वर्षभर, रोज सकाळी त्या माणसाच्या मागे बसून सात रस्ता चौकापर्यंत जात होतो. आणि वर, उतरल्यावर त्यांचे आभार मानत होतो!

त्यांना मी काका म्हणायचो. उंची सहा फुटांच्या चांगलीच वर. त्या गल्लीतल्या प्रत्येक दारात ते वाकून शिरत आणि शिरताना म्हणत, "उंची देवानं दिली, दारं मान्सानं केली." दाराच्या मालकाला ते ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणत. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि संताप आला की दोन्ही एकदम. उभा जन्म यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेलेला. माग बिघडला की तो चालू करून देणारा मिस्त्री, तो जॉबर. त्या खडखडाटात कान अर्धे गेलेले, त्यामुळे काकांचं कुजबुजणं तिसऱ्या घरापर्यंत पोचे. कुणाच्या घरचं गुपित सांगायचं झालं की ते मला आत बोलवत, दार लावून घेत आणि मग ओरडून सांगत.

कारखाना सुटला, पण जॉबरकी सुटली नाही. घरातल्या एकूण एक वस्तूला त्यांचा हात लागलेला होता. पंख्याला चामड्याचा तुकडा, नळाला सुतळी, कपाटाच्या बिजागरीला मागाचा बोल्ट. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू चालायची, पण एक नवं लफडं घेऊन चालायची. पंखा फिरायचा, पण फिरताना दिवा लुकलुकायचा. दिवा नीट केला तर घंटी आपोआप वाजायला लागली. मी तक्रार केली तर म्हणाले, "चालतंय न्हवं? चालनाऱ्याला नावं ठेवू न्हाई, विमासाहेब." मला ते विमासाहेब म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

काकी उंचीने त्यांच्या कोपराला लागत. त्यांचा कडक भाकरीचा धंदा होता. आमच्याकडची ही भाकरी पापडासारखी पातळ आणि खणखणीत. महिनोन्‌महिने टिकते, पण वाईट धक्का बसला तर क्षणात चुरा. काकी आणि हाताखालच्या बायका सकाळपासून थापत बसत. तयार माल पत्र्याच्या डब्यात रचून, डबा गाडीच्या मागच्या कॅरिअरला बांधून, काका सात रस्त्याजवळच्या एका दुकानात पोचवत. पुढे तो दुकानदार बघून घेई. माझी कचेरी तिथून चार पावलांवर, म्हणून ते मला बरोबर नेत. नुसतं नेत नसत, संध्याकाळी परत आणतही. दिवसभर दुकानासमोरच्या बाकावर बसून ते मी सुटायची वाट बघत. मला वाटायचं, काय हे प्रेम! सख्खा बाप एवढी वाट बघत नाही.

गाडीवर बसताना त्यांची एकच अट असे. "पुढं काय दिसतंय, त्ये सांगत ऱ्हायचं. मान्सं गाडीवर बसत्यात आन झोपत्यात. देवानं डोळे कशाला दिलेत?" मग मी मागून त्यांच्या अर्ध्या कानात बोंबलत असे, "लाल! हिरवा! डावीकडे रिक्षा! म्हैस, काका, म्हैस!" माझ्या कचेरीतला शिपाई मला बघितलं की "म्हैस, म्हैस" करायचा. मी मनावर घेत नसे. उलट मला काकांचं कौतुक वाटे. अपघात टाळायला याहून चांगली शिस्त कोणती, असं मी कचेरीत दोघातिघांना समजावूनही सांगितलं होतं.

मग माझी दाढ काढली. डॉक्टरांनी तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि तासभर तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. काका बाहेर वाट बघतच होते. मी मागे बसलो आणि आम्ही निघालो.

"सांगा," काका ओरडले.

"म्म," मी म्हणालो.

"लाल का हिरवा?"

"म्म! म्म म्म!"

लाल होता. काकांनी तो आरामात पार केला. पाठोपाठ एका सिटीबसच्या नाकासमोरून आम्ही गेलो. तिचा ड्रायव्हर जे बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. पुढे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. घराएवढी. मागे लाल फडकं लोंबत होतं. आम्ही तिच्याकडे निघालो होतो. मला वाटलं, आता काका हँडल वळवतील. आता वळवतील. मी त्यांच्या पाठीवर बुक्के मारले. त्यांना वाटलं, मी खोकतोय, म्हणून "पानी प्या" म्हणाले. आणि आमचं पुढचं चाक उसाच्या कांड्यांत जाऊन रुतलं.

वेग फार नव्हता म्हणून दोघंही वाचलो. काका शांतपणे उतरले. हात पुढे करून चाचपलं, आणि अतिशय नवलाने म्हणाले, "ऊस? हितं ऊस कुटनं आला?"

मी बोळा काढून फेकला. तोंडातून रक्त येत होतं त्याची शुद्ध नव्हती. "काका, तुम्हाला ट्रॉली दिसली नाही?"

"ट्रॉली दिसली की," काका म्हणाले. "ऊस दिसला न्हाय."

 मी त्यांच्या तोंडासमोर दोन बोटं धरली आणि विचारलं, किती? ते खवळले. "वडीलधाऱ्या मान्साची परीक्षा घेतो व्हय?" म्हणाले, पण आकडा काही सांगितला नाही. लायसन मागितलं तर त्यांनी बाणेदारपणे काढून दिलं. ते कधीच संपलेलं होतं. नवीन करायला गेलं की डोळे तपासतात, म्हणून केलेलंच नव्हतं. मी फुटपाथवर बसलो. माझ्या हातातून इतके दावे गेले होते, पण असला एकही नव्हता.

घरी जाऊन मी काकींना सांगितलं.  वाटलं, या बाईच्या हातातलं पीठ खाली पडेल. काकी भाकरी थापत होत्या. त्यांनी ती पूर्ण थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"तुला आज कळलं व्हय?" त्या म्हणाल्या.

मी हबकलो. "म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला त्यांच्या. डागदर म्हनला, गेलं त्ये गेलं, उरलेलं जपा. खोली दाखवली तवा तुला पैलं काय इचारलं होतं म्या? डोळं कसं हायत, चष्मा हाय का, म्हून. तू म्हनलास, न्हाय. म्हून तर तुला ठिवला बाबा."

माझ्याआधी खोली बघायला आलेल्या तीन जाड चष्मेवाल्यांना काकींनी परत पाठवलं होतं. मला वाटत होतं, माझा सुस्वभाव बघून खोली दिली. आणि मी होतो त्या गाडीचे डोळे! मला इतका धक्का बसला की रागवायचंही सुचेना.

"अहो, पण तुम्ही त्यांना गाडी चालवू कशी देता?"

काकींनी भाकरी उलटली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "किल्ली मागितली हुती म्या. दोन दिस जेवले न्हाईत. भिताडाकडं तोंड करून बसले. गाडी काडून घ्यावी तर ह्यो मानूस कोपऱ्यात बसून मरंल. न्हाई घ्यावी तर दुसरं कुनीतरी मरंल. तू शिकलेला हायस की. सांग, काय करू?"

 मी फक्त एवढं सांगितलं की उद्यापासून मी सिटीबसने जाणार.

तोड काकींनीच काढली. गाडी त्या चालवणार आणि काका मागे बसणार. ऐकून मी पुन्हा हबकलो, पण काकींकडे चालू लायसन होतं. पूर्वी काकांनीच त्यांना मैदानावर नेऊन गिअरची गाडी शिकवली होती. चालवायला त्या चांगल्या शिकल्या. अडचण थांबण्याची होती. सीटवर बसलं की त्यांचे पाय अधांतरी लोंबत. मैदानात त्या थांबल्या की काका पळत येऊन गाडी धरत. भर रस्त्यात कोण धरणार? मी म्हटलं, स्कूटर घ्या. काकांनी तोंड वाकडं केलं. "तिला चाकं हायत का? लिंबं लावल्यात लिंबं. एका खड्ड्यात डबाभर भाकरीचा चुरा व्हतो." त्यात तथ्य होतं. आमचे खड्डे लहान चाकांसाठी केलेले नाहीत.

मग मी म्हटलं, सीटचा फोम कापा. यावर काका मोठ्याने हसले. "अंथरून बघून पाय पसरावेत, ऐकलंय न्हवं? हितं पाय बघून अंथरून खाली आनायचं. कापायचं न्हाई. गाडीच खाली बसवतो मी." आणि काय आश्चर्य, या माणसाने भिंतीकडे तोंड केलं नाही. काकी गाडी चालवणार हे त्यांनी आनंदाने मान्य केलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकींना ओट्यावर उभं केलं आणि सुतळीने कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं. भाकरीवाल्या बायका, समोरचे पेन्शनर, दूधवाला, सगळे बघत होते. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी मान खाली घातली. काकी मात्र ताठ उभ्या होत्या. "लगीन ठरवताना बघायचं हुतं की माप," एवढंच म्हणाल्या.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खड्डे झेलणाऱ्या ज्या दोन स्प्रिंगा असतात, त्यांना मिस्त्री लोक शॉकअप म्हणतात. काकांनी भंगारातून एका लहान गाडीचे आखूड शॉकअप आणले आणि अंगणात आडवे पडून बसवले. गाडीची मागची बाजू एकदम खाली आली. काकांनी कॅरिअरजवळ हात लावून बघितलं आणि आरोळी ठोकली, "वीतभर खाली आली! बस आता!"

काकी बसल्या. पाय हलवून बघितले. "कुटं आली? माजा अंगठाबी टेकना."

पुढचं चाक होतं तिथेच होतं. बाजेचे पायथ्याकडचे दोन पाय कापावेत तशी ती गाडी दिसत होती. पायथा जमिनीला, उशाकडची बाजू होती तिथेच. चालवणारा बसतो तिथे जेमतेम बोटभर फरक पडला होता. मी म्हटलं, मग पुढूनही खाली घ्या. काकांनी कानाला हात लावले. "पुढं हात लावायचा न्हाई. पुढं हँडल हाय. मागूनच आनखी घेऊ."

आणि मग त्या पंख्याची आणि दिव्याची गोष्ट पुन्हा सुरू झाली. गाडी खाली आल्यामुळे साइड स्टँड लांब पडला. गाडी कलण्याऐवजी सरळ उभी राहायला लागली आणि वाऱ्याच्या झुळकीने पेन्शनरांच्या तुळशीवर पडली. काकांनी स्टँड कापला. तो जास्त कापला गेला, मग ती दुसऱ्या बाजूला, वाळत घातलेल्या भाकऱ्यांवर पडली. हेडलाइट आभाळाकडे बघायला लागला. संध्याकाळी गाडी सुरू केली की समोरच्या माडीवरच्या खोलीत लख्ख उजेड पडे आणि तिथलं नवं जोडपं खिडकी लावून घेई. खड्डा आला की चाक मडगार्डला घासून असा आवाज यायचा की कुत्री उठून उभी राहत. आणि पहिल्यांदा डबा बांधून फेरी मारली तेव्हा भाकरीचा पार भुगा झाला. त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी चुराच खाल्ला. दह्यात चुरा, दुधात चुरा, शेंगाचटणीत चुरा.

मी काकांना कायदा सांगितला. गाडीत असले फेरफार केले तर दावा नामंजूर होतो म्हटलं. "दावा करायचा कुनाला हाय?" ते म्हणाले, आणि शॉकअपखाली घालायला ट्यूबचे तुकडे कापत बसले.

असे दोन महिने गेले असतील. तेवढे दिवस भाकरीचे डबे रिक्षाने जात. रोज एक बदल, आणि प्रत्येक बदलानंतर ट्रायल. ट्रायल अर्थातच काका घेत. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि यायचं. काकी म्हणाल्या, मी घेते ट्रायल, तर त्यांनी कारखान्याचा नियम काढला. तिथला रिवाजच तसा. बिघडलेला माग जॉबरच्या ताब्यात असतो. तो स्वतःच्या तोंडाने "चालू" म्हणेपर्यंत विणकराने त्याला हात लावायचा नाही. काकींनी त्याच कारखान्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. त्यांना नियम पाठ होता आणि तो त्या मानतही होत्या. काका रोज सकाळी गाडीवरून उतरून म्हणत, "अजून चालू म्हनलं न्हाय बरं का मी." आणि पाना हातात घेत.

सणाचे दिवस होते. दारोदार रांगोळ्या पडायला लागल्या होत्या. त्या सकाळी मी बससाठी निघालो होतो, तेवढ्यात काका ट्रायलवरून परत आले. चेहरा उजळलेला. "एकदम बेस! मडगार्ड घासत न्हाय, काय न्हाय. लोन्यागत चालती!"

 काकी चाकाकडे बघत होत्या. मीही बघितलं. पुढचं टायर गुलाबी झालेलं होतं. गाडीच्या मागे फरशीवर एक गुलाबी रेघ उमटत आली होती, आणि ती दारातून बाहेर गल्लीत गेलेली होती.

काकी पिठाच्या हातानेच त्या रेघेमागे चालत निघाल्या. मी त्यांच्यामागे. रेघ फिकट होत होत चौथ्या घरापाशी ठळक झाली. तिथे दारात रस्त्याच्या कडेला मोठी रांगोळी होती, आणि तिच्या बरोबर मधून टायर गेलं होतं. शेजारी रांगोळीचा डबा उपडा झालेला आणि पाट बाजूला उडालेला. घरातली नवी सून उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात हिरव्या रंगाची वाटी होती. 

"हितंच बसले हुते," ती म्हणाली. "हिरवा संपला म्हून आत गेले. पाटावरच बसले हुते काकी मी."

मी अपघाताचे इतके कागद वाचले होते, पण अपघात झालाच नाही अशी जागा कधी बघितली नव्हती.  काकींनी त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. हाताचं पीठ तिच्या पोलक्याला लागलं. मग त्या वळल्या आणि मी कधी बघितलं नाही अशा वेगाने घराकडे निघाल्या.

काका चाकाजवळ उकिडवे बसून नट आवळत होते.

"किल्ली द्या."

"आगं, अजून चालू म्हनलं न्हाय मी."

"साक!" काकी कानडीत ओरडल्या. पुरे म्हणजे पुरे. भाकरीवाल्या बायकांचे हात थांबले. "गाडी खाली आनताय व्हय तुमी? दोन म्हैने झाले, रोज एक नट सैल करताय आन रोज आवळताय. ट्रायल पायजे तुमाला, ट्रायल! गाडी चालू म्हनलं की ट्रायल बंद हुतीय. मला कळत न्हाय व्हय? मी बी त्याच कारखान्यातली हाय. गप बसले, म्हनलं करू द्या, तेवडाच जीव रमतोय. त्या पाटलाच्या सुनंच्या पाटावरनं गाडी घातली आज तुमी. ती रंग आनाय आत गेलती. रंग संपला न्हसता तर?"

काकांच्या हातातला पाना तसाच राहिला. "कुटली सून?" ते म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं. "तितं कुनी हुतं?"

 काकांनी हात पुढे केला आणि चाकाला लावला. बोटांना लागलेला रंग डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघितला. त्यांना तो दिसला की नाही, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. ती घ्यायला काकी उजवीकडे उभ्या होत्या, आणि काकांनी हात डावीकडे केला.

"घे," ते म्हणाले. "चालू हाय."

काकींनी बाजू बदलून किल्ली घेतली. मला तिथे थांबवेना.

पुढे दोन दिवस काका अंगणात दिसले नाहीत. मी चौकशी केली नाही, करायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सात रस्त्याला बसमधून उतरून कचेरीच्या फाटकाशी आलो. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला म्हणून वळून बघितलं, तर समोरून ती गाडी येत होती. हेडलाइट आभाळाकडे, ढुंगण जमिनीला. पुढे काकी. नऊवारीसारखा कासोटा घातलेला, हेल्मेट कपाळापर्यंत आलेलं, आणि हँडल असं धरलेलं की जणू ते कुणी पळवून नेणार आहे. मागे काका. मांडीवर भाकरीचा डबा, दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळलेला. काकींच्या डोक्याच्या वर त्यांची छाती दिसत होती. रिक्षावाले माना बाहेर काढून बघत होते. कुणीतरी शिट्टी मारली.

सिग्नल लाल झाला.

 काकींचे पाय टेकत नव्हते. दोन महिन्यांच्या त्या सगळ्या खटपटीनंतरही टेकत नव्हते, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. मागे बस होती, बाजूला टमटम होती. काकींनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, डावीकडे झुकायला लागली. मी पळालो. खरं सांगतो, हातातली पिशवी टाकून भर गर्दीत पळालो, मी, रस्ता ओलांडायला घाबरणारा माणूस. आणि अर्ध्या वाटेत जागच्या जागी थांबलो.

मागून दोन लांब पाय खाली आले होते. एक इकडून, एक तिकडून. काकांच्या दोन्ही चपला डांबरावर सपाट टेकल्या होत्या. गाडी खांबासारखी उभी होती. काकींचे पाय तसेच अधांतरी लोंबत होते आणि त्यांचं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं. त्या समोर सिग्नलकडे बघत होत्या.

खाली आली होती ती मागची सीट. काकांनी काकींच्या पायाचं माप घेतलं होतं आणि गाडी खाली बसवली होती ती मागे बसणाऱ्यासाठी. हे मला, त्यांना, कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. लोक मला शिव्या देत होते. काकांनी मान किंचित वाकडी करून, कान पुढे काढून धरला होता. वर्षभर प्रत्येक सिग्नलला मला ओरडून विचारणारा तो माणूस लाल की हिरवा हे विचारत नव्हता. पाय रोवून, डबा कवटाळून, बायको सांगेल त्याची वाट बघत होता.

हिरवा झाला.

"उचला!" काकी ओरडल्या, आणि काकांनी दोन्ही पाय उचलले.